निक्सन यांनी जंतूंची अस्त्रं का सोडली?

रिचर्ड निक्सन हे नाव काढलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात. पहिली, डिसेंबर 1971 मध्ये बंगालच्या उपसागराकडे निघालेली अमेरिकेची विमानवाहू नौका एंटरप्रायझ. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना 'सातवं आरमार' हे शब्द अजून पाठ आहेत. दुसरी, वॉटरगेट. कुठल्याही घोटाळ्याच्या नावापुढे गेट जोडायची सवय आपल्यालाही लागली ती तिथूनच.

तिसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. 25 नोव्हेंबर 1969 रोजी याच निक्सन यांनी अमेरिकेची सगळी जैविक अस्त्रं सोडून देत असल्याचं जाहीर केलं. कुठल्याही करारानं त्यांना तसं करायला भाग पाडलं नव्हतं. सोव्हिएत रशियाकडून बदल्यात काही मिळालंही नव्हतं. एका महासत्तेनं शस्त्रांचा एक अख्खा प्रकार स्वतःहून मोडीत काढला.

त्या काळी व्हिएतनामवर बॉम्बफेक चालू होती आणि ती करणारेही हेच. मग जंतूंच्या बाबतीतच त्यांना दया का आली? थोडक्यात सांगायचं तर दया आली नव्हती. त्यांनी हिशेब केला होता, आणि तो हिशेब अणुबॉम्बच्या भरवशावर उभा होता.

किराणा दुकान, दोन भाऊ आणि पोकर

निक्सन यांचा जन्म 9 जानेवारी 1913 चा, कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडा गावातला. वडील फ्रँक यांनी लिंबाची बाग लावली होती, ती चालली नाही. मग कुटुंब जवळच्या व्हिटियरला आलं आणि पेट्रोल पंप व त्याला जोडून किराणा दुकान सुरू केलं. पाच भावांत रिचर्ड दुसरे. पहाटे उठून लॉस एंजेलिसच्या बाजारातून भाजी आणायची, ती दुकानात मांडायची आणि मग शाळा गाठायची, असा त्यांचा दिनक्रम होता.

आई हॅना क्वेकर पंथाची होती. युद्ध हे पाप आहे, असं मानणारा हा ख्रिस्ती पंथ. घरात दारू नाही, शिवी नाही, मोठ्यानं बोलणंही नाही. (वडिलांचा स्वभाव याच्या अगदी उलट होता, ते सोडा.)

1925 मध्ये धाकटा भाऊ आर्थर आजारी पडून गेला. थोरल्या हॅरल्डला क्षय झाला. कोरडी हवा मानवेल म्हणून आई त्याला घेऊन ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटला राहिली आणि खर्च भागवण्यासाठी तिथल्या इतर क्षयरोग्यांचीही सेवा करू लागली. सुट्टीत रिचर्ड तिकडे जाऊन मिळेल ते काम करायचे. 1933 मध्ये हॅरल्डही गेला. ज्या घरातला तरुण मुलगा जंतूनं हिरावून नेला, त्या घरातल्या मुलानं पुढे जंतूंची अस्त्रं नष्ट केली, असं लिहायचा मोह कोणालाही होईल. पण निक्सन यांच्या निर्णयाचा त्या दुःखाशी संबंध जोडणारा पुरावा नाही, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

गावच्याच कॉलेजात पदवी, मग शिष्यवृत्तीवर ड्यूक विद्यापीठात कायद्याचं शिक्षण, 1937 मध्ये व्हिटियरला परत येऊन वकिली, 1940 मध्ये पॅट रायन यांच्याशी लग्न. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा क्वेकर म्हणून त्यांना लष्करी सेवेतून सूट मागता आली असती. ती न मागता ते नौदलात गेले आणि दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवर मालवाहतुकीचं काम पाहू लागले.

तिथे त्यांनी एक कला आत्मसात केली, पोकर. आपल्या तीन पत्तीसारखाच हा खेळ. हातात काय पानं आहेत यापेक्षा समोरच्याला काय वाटतंय याला महत्त्व. क्वेकर घरातला हा मुलगा त्यात इतका तरबेज झाला की युद्धावरून परतताना काही हजार डॉलर जिंकून आला आणि त्यातले काही पैसे 1946 च्या पहिल्या निवडणुकीत कामी आले.

पुढचा प्रवास झपाट्याचा होता. 1946 मध्ये प्रतिनिधीगृह, 1950 मध्ये सिनेट आणि 1953 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आयझेनहॉवर यांचे उपराष्ट्राध्यक्ष. कम्युनिस्टांवर तुटून पडणारा नेता अशी त्यांची ओळख तयार झाली.

आयझेनहॉवर यांच्याजवळ घालवलेली ती आठ वर्षं या गोष्टीसाठी महत्त्वाची आहेत. मोठं सैन्य पोसणं महाग पडतं, त्यापेक्षा अणुबॉम्बचा वचक ठेवावा आणि कोणी आगळीक केली तर प्रचंड प्रत्युत्तराची धमकी द्यावी, असं त्या सरकारचं धोरण होतं. वचक ठेवून युद्ध टाळण्याच्या या तंत्राला इंग्रजीतून आलेला डिटरन्स हा शब्द वापरतात. 1953 मध्ये कोरियातलं युद्ध थांबलं ते चीनपर्यंत अणुबॉम्बचा इशारा पोहोचवल्यामुळेच, अशी निक्सन यांची पक्की समजूत झाली. इतिहासकारांना याबद्दल शंका आहे. निक्सन यांना कधीच नव्हती.

1960 मध्ये ते केनेडींकडून थोडक्यात हरले. 1962 मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि तिथेही हरले. संपला म्हणून सगळ्यांनी निकालात काढलेला हा माणूस 1968 ची निवडणूक जिंकून जानेवारी 1969 मध्ये व्हाइट हाऊसमध्ये आला.

मेंढ्या मेल्या आणि प्रश्न सुरू झाले

निक्सन यांना वारसा म्हणून जे मिळालं, त्यात एक जंतूंचा कारखानाही होता. 1943 मध्ये, महायुद्धाच्या काळात, मेरीलँड राज्यातल्या डेट्रिक इथे अमेरिकेनं जैविक अस्त्रांचं संशोधन सुरू केलं. अँथ्रॅक्स, टुलारेमिया, ब्रुसेलोसिस, क्यू ताप असे रोग तिथे अस्त्र म्हणून तपासले गेले. काही माणसं मारण्यासाठी, काही आठवडाभर अंथरुणाला खिळवण्यासाठी. उत्पादन आर्कान्सामधल्या पाइन ब्लफ इथे व्हायचं. जंतू वाऱ्यावर कसे पसरतात हे पाहण्यासाठी 1950 मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरावर, तिथल्या लोकांना न सांगता, निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या जिवाणूंची फवारणीही केली गेली.

हे सगळं पडद्याआड चाललं होतं. पडदा सरकला तो मार्च 1968 मध्ये, आणि तोही जंतूंमुळे नव्हे तर विषारी वायूमुळे. यूटा राज्यात डगवे नावाचं लष्करी चाचणी केंद्र आहे. तिथे विमानातून व्हीएक्स या मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या रसायनाची फवारणी झाली आणि शेजारच्या स्कल व्हॅलीत हजारो मेंढ्या पटापट मेल्या. सहा हजार हा आकडा सर्वसाधारणपणे सांगितला जातो. लष्करानं आधी हात झटकले. मग मालकांना भरपाई दिली.

पुढच्या वर्षी ही बातमी टीव्हीवर दिसली आणि रिचर्ड मॅकार्थी नावाच्या खासदारानं संसदेत विचारायला सुरुवात केली: आपल्याकडे नेमकं काय आहे, किती आहे आणि ते वापरायचं धोरण काय? धोरण असं काही धड नव्हतंच. जुलै 1969 मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरच्या अमेरिकी तळावर सरिन वायूची गळती होऊन 23 सैनिकांना आणि एका नागरी कर्मचाऱ्याला त्रास झाला. आपल्या बेटावर असं काही ठेवलंय हे जपानी लोकांना तेव्हा कळलं.

संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांना लागलेला सुगावा असा की, आपण ठरवलं नाही तर संसद आपल्यासाठी ठरवेल. त्यांनी एप्रिलमध्येच आढाव्याची मागणी केली होती. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी मे महिन्याच्या अखेरीस सगळ्या खात्यांना कामाला लावलं.

स्वस्त मरण कोणाला परवडतं?

इथे एका शास्त्रज्ञाची एंट्री होते. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मेसेलसन आणि स्टाल यांचा डीएनएचा प्रयोग अभ्यासलेला असतो, तेच हे. 1963 मध्ये सरकारी सल्लागार म्हणून ते डेट्रिकला गेले होते. हे सगळं कशासाठी, असं त्यांनी विचारलं तेव्हा जैविक अस्त्रं अणुबॉम्बपेक्षा खूप स्वस्त पडतात, असं उत्तर मिळालं.

ते उत्तर मेसेलसन यांच्या डोक्यातून गेलं नाही. अमेरिकेकडे महागडे बॉम्ब होते, आणि ते महाग असणं हेच अमेरिकेच्या फायद्याचं होतं. कारण महाग असल्यामुळे ते मोजक्याच देशांकडे होते. शहरं मारण्याचं स्वस्त तंत्र शोधून काढायचं, ते पक्कं करायचं आणि जगाला दाखवून द्यायचं, यात श्रीमंत देशाचं नुकसानच होतं. हे म्हणजे आपल्याच तिजोरीची स्वस्तातली किल्ली बनवून बाजारात आणण्यासारखं.

किसिंजर मेसेलसन यांचे हार्वर्डमधले परिचित. त्यामुळे ही मांडणी थेट व्हाइट हाऊसमध्ये पोहोचली. तिला जोड मिळाली लष्करी मुद्द्यांची. जंतू वाऱ्याच्या मर्जीवर चालतात. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, तोवर लढाईचं चित्र बदललेलं असतं. साथ उलटून आपल्याच माणसांवर येऊ शकते. आणि शेवटचा, सगळ्यात वजनदार मुद्दा: शत्रूनं आपल्यावर जंतू सोडले तर उलट जंतूच सोडायला हवेत असं थोडंच आहे? अण्वस्त्रं आहेतच की.

सेनाप्रमुखांना काहीतरी क्षमता हाताशी राहावी असं वाटत होतं. पण 18 नोव्हेंबरच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकीपर्यंत वारं फिरलं होतं.

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट

आता थोडं मागे जाऊ, कारण त्याच शरद ऋतूत निक्सन आणखी काहीतरी करत होते आणि ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

ऑक्टोबर 1969 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या अण्वस्त्र दलांना गुप्तपणे सज्जतेचे आदेश दिले. महिन्याच्या शेवटी अण्वस्त्रं घेतलेली बी-52 विमानं उत्तरेकडे अलास्काच्या बाजूला घिरट्या घालत होती. युद्ध सुरू करण्याचा इरादा नव्हता. हा माणूस डोकं फिरलं तर काहीही करू शकतो, असं मॉस्कोला वाटावं आणि त्यांनी व्हिएतनामवर दबाव आणून युद्ध संपवावं, एवढाच हेतू. पोकरचा डावच तो.

मॉस्को हललं नाही. व्हिएतनामचं युद्ध चालूच राहिलं.

म्हणजे ऑक्टोबरमध्ये निक्सन यांनी अणुबॉम्बची धमकी वापरून पाहिली आणि ती वाया गेली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी जंतूंची अस्त्रं सोडली, कारण अणुबॉम्बची धमकी पुरेशी आहे अशी त्यांची खात्री होती. या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींसमोर कधी उभ्या राहिल्या का, हे सांगणं कठीण. मला तरी त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली हीच जागा सर्वांत बोलकी वाटते.

राजकीय गरजही होती. नोव्हेंबरच्या मध्याला माय लाय गावातल्या कत्तलीची बातमी फुटली. त्याच सुमारास युद्धाविरोधात लाखो लोक वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर उतरले. अशा वेळी शांततेचं काहीतरी हातात असणं सोयीचंच होतं.

25 नोव्हेंबरला घोषणा झाली. अमेरिका कुठल्याही स्वरूपात जैविक युद्ध करणार नाही, साठे नष्ट करेल, संशोधन फक्त बचावापुरतं, म्हणजे लसी वगैरेंपुरतं ठेवेल. रासायनिक अस्त्रं मात्र राहतील, ती आधी वापरणार नाही एवढंच वचन. व्हिएतनाममध्ये वापरला जाणारा अश्रुधूर आणि जंगलं उजाड करणारी एजंट ऑरेंजसारखी रसायनं या सगळ्यातून वगळलेली होती. सोडलं ते न लागणारं, ठेवलं ते लागणारं, असं टीकाकारांना वाटलं असेल तर ते चूक नव्हतं.

भाषणलेखक विल्यम सफायर यांनी नंतर एक आठवण लिहिली. वचक म्हणून थोडे जंतू ठेवायला नकोत का, असं त्यांनी निक्सन यांना विचारलं होतं. निक्सन यांच्या उत्तराचा मतितार्थ असा: जे आपण कधी वापरणारच नाही त्याचा वचक कसला? आपल्यावर कोणी जंतू सोडलेच तर आपण अणुबॉम्ब टाकू. जाहीर निवेदनात ही दुसरी बाजू नव्हती. तिथे मानवजातीच्या भल्याची भाषा होती.

साठे गेले, पण सगळे नाही

घोषणेनंतर एक पळवाट उरली होती. जिवाणूंपासून मिळणारी विषं, उदाहरणार्थ बोट्युलिनम, ही जैविक की रासायनिक? लष्कराला ती रासायनिक ठरलेली हवी होती, म्हणजे ठेवता आली असती. 14 फेब्रुवारी 1970 रोजी निक्सन यांनी तीही सोडली. पुढच्या दोन-तीन वर्षांत पाइन ब्लफचे साठे नष्ट झाले. ऑक्टोबर 1971 मध्ये निक्सन स्वतः डेट्रिकला गेले आणि तिथल्या प्रयोगशाळांमध्ये आता कर्करोगावर संशोधन होईल असं त्यांनी जाहीर केलं. ते केंद्र आजही आहे.

10 एप्रिल 1972 रोजी जैविक अस्त्रबंदीचा करार सह्यांसाठी खुला झाला. एका संपूर्ण अस्त्रप्रकारावर बंदी घालणारा हा पहिलाच करार. त्यात एक मोठी उणीव होती: कोण पाळतंय आणि कोण नाही, हे तपासण्याची सोयच नव्हती. निक्सन यांना ती उणीव फारशी टोचली नाही. त्यांच्या हिशेबात जंतूंना आधीच किंमत नव्हती, मग समोरच्यानं लपवून ठेवले तरी काय बिघडलं?

मार्च 1975 मध्ये करार लागू झाला तेव्हा निक्सन सत्तेत नव्हते. वॉटरगेटमुळे 9 ऑगस्ट 1974 रोजी राजीनामा देऊन ते कॅलिफोर्नियाला परतले होते. त्याच 1975 मध्ये सिनेटच्या चौकशीत उघड झालं की त्यांचा आदेश डावलून सीआयएनं शिंपल्यांपासून काढलेलं सुमारे 11 ग्रॅम विष जपून ठेवलं होतं. ग्रॅम ऐकून हसू येईल, पण हजारो माणसांना ते पुरलं असतं.

आणि सोव्हिएत रशियानं काय केलं? करारावर सही केली आणि बायोप्रेपरात नावाच्या संस्थेआडून इतिहासातला सर्वांत मोठा जैविक अस्त्रांचा कार्यक्रम उभा केला. तिथले वरिष्ठ अधिकारी केन अलिबेक 1992 मध्ये अमेरिकेत आले. त्यांच्या सांगण्यानुसार निक्सन यांनी खरंच अस्त्रं सोडलीत यावर तिकडे कोणाचा विश्वासच बसला नव्हता. पोकर खेळणाऱ्याची ही अडचणच असते, एकदा तो खरं बोलला तरी समोरचा थाप समजतो.

एप्रिल 1979 मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरात अँथ्रॅक्सनं किमान 66 माणसं दगावली. खराब मांसामुळे, असं मॉस्कोनं सांगितलं. खरं कारण लष्करी केंद्रातून निसटलेले जंतू होते. हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते तेच मेसेलसन. शोधनिबंध प्रसिद्ध झाला नोव्हेंबर 1994 मध्ये. म्हणजे पंधरा वर्षांनी.

निक्सन यांच्या हिशेबातली खरी फट ही. कोणी जंतू सोडले तर अणुबॉम्ब टाकू, हे ठीक. पण कोणावर? त्याच 1994 मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेग आला तेव्हा तो खरंच प्लेग आहे का, यावरच तज्ज्ञांचा वाद किती दिवस चालला होता. क्षेपणास्त्राला पत्ता असतो, साथीला नसतो. आणि समजा पत्ता मिळाला, तरी काहीशे माणसं दगावली म्हणून लाखोंचं शहर जाळणार का?

दुसरी बाजूही सांगायला हवी. 9 जानेवारी 1991 रोजी, योगायोगानं निक्सन यांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवशी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर जिनिव्हात इराकच्या तारिक अझीझ यांना भेटले. रासायनिक किंवा जैविक अस्त्रं वापरलीत तर परिणाम भयंकर होतील, एवढंच मोघम बजावलं. अणुबॉम्बचं नाव घेतलं नाही, तो अर्थ अझीझ यांनी काढायचा होता. इराककडे जंतू भरलेली क्षेपणास्त्रं होती, ती युद्धात वापरली गेली नाहीत. धमकीमुळेच का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी तर अण्वस्त्रं वापरायची नाहीत असं मनाशी आधीच ठरवलं होतं. पुढे, 2000 मध्ये, स्कॉट सेगन या अभ्यासकानं या प्रकारातला सापळा दाखवून दिला: अशी धमकी देऊनही समोरचा थांबला नाही, तर केवळ शब्द राखण्यासाठी बॉम्ब टाकण्याची पाळी येते.

22 एप्रिल 1994 रोजी निक्सन गेले. योर्बा लिंडातल्या त्या लहानशा घराशेजारी, पत्नी पॅट यांच्या बाजूला त्यांना पुरलं आहे.

त्यांचा तो हिशेब मात्र फिरत फिरत दिल्लीतही आला. अण्वस्त्र आधी वापरणार नाही, हे भारताचं धोरण. 4 जानेवारी 2003 रोजी वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीनं ते जाहीर करताना त्याला एक अपवाद जोडला: भारतावर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर जैविक वा रासायनिक अस्त्रांनी मोठा हल्ला झाला, तर अण्वस्त्रानं उत्तर देण्याचा पर्याय भारत राखून ठेवेल. हल्ला मोठा कधी म्हणायचा, हे त्या निवेदनात लिहिलेलं नाही.